रॉकेट उडवायचंय? मग लाँचर निवडण्याआधी मैदान मोजा

माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये उभं राहून वर पाहिलं की आधी झाडं दिसतात, मग इमारती आणि मग आकाश. मध्य, पश्चिम आणि हार्बर या तिन्ही मार्गांचे रूळ याच भागातून किंवा अगदी लगत जातात आणि त्यांवरच्या तारांमधून २५,००० व्होल्टचा वीजप्रवाह वाहतो. व्हीजेटीआय १९२३ पासून इथेच असल्यामुळे इंजिनिअरिंगच्या पोरांची इथे कमी नाही. पण छोटं रॉकेट उडवण्याचा छंद अशा वस्तीत जडला, तर पहिला प्रश्न वेगळाच असतो: ते सुटणार कशावरून आणि कुठून?

लाँचरचं नेमकं काम काय?

रॉकेटच्या शेपटीचे पंख हवा वेगाने वाहू लागली तरच काम करतात. सुटताना वेग शून्य असतो, म्हणून पंख निरुपयोगी असतात. साधारण १३ मीटर प्रतिसेकंद वेग येईपर्यंत रॉकेटला सरळ धरून ठेवणं हे लाँचरचं काम. त्याआधीच सळई संपली, तर रॉकेट कुठेही वळू शकतं.

सळई किती लांब हवी?

बाजारातल्या छोट्या लाँचरची सळई सहसा ३ मिलिमीटर जाड आणि ९० सेंटिमीटर लांब असते. ती पुरेल का, हे साध्या गणिताने कळतं. इंजिनाचा जोर रॉकेटच्या वजनाच्या १० पट असेल, तर ९० सेंटिमीटरनंतर वेग सुमारे १२.६ मीटर प्रतिसेकंद होतो, म्हणजे जेमतेम पुरेसा. जोर ५ पटच असेल, तर तो फक्त ८.४ राहतो. अशा रॉकेटला दोन मीटरहून जास्त लांबी लागते. पण बारीक सळई एवढी लांब केली की ती डुलते. म्हणून जड रॉकेटसाठी खाच असलेली ॲल्युमिनियमची रेल वापरतात.

सळईखाली पत्र्याचा तुकडा हवा, नाहीतर ज्वाळेने गवत पेटेल. पाया रुंद आणि जड हवा. सळईचं वरचं टोक डोळ्यांच्या उंचीच्या वर ठेवावं किंवा त्यावर टोपी लावावी. वाकून पाहताना डोळ्याला इजा होण्याचा धोका इथेच असतो.

बटण, चावी आणि दिवा

काडी किंवा वातीने रॉकेट पेटवायचं नाही. पेटवणी विजेचीच हवी. कंट्रोलर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, काढून खिशात ठेवता येईल अशी चावी. दोन, तारा नीट जोडल्यात हे सांगणारा दिवा. तीन, बोट उचललं की आपोआप बंद होणारं, घराच्या बेलसारखं बटण. लहान इंजिनांसाठी किमान ५ मीटर आणि मोठ्यांसाठी ९ मीटर लांब तार लागते. असं सुटं सामान लॅमिंग्टन रोड आणि लोहार चाळीत मिळतं.

बटण दाबूनही रॉकेट सुटलं नाही, तर चावी काढायची आणि पूर्ण ६० सेकंद कुणीही जवळ जायचं नाही.

माटुंग्यातलं मैदान पुरेल का?

अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमांनुसार मैदानाची सर्वांत अरुंद बाजू ए वर्गाच्या इंजिनासाठी ३० मीटर, बी साठी ६०, सी साठी १२० आणि डी साठी १५० मीटर हवी. कागदावर ए वर्ग इथेही बसेल असं वाटतं. पण वारा विसरून चालत नाही. समजा, रॉकेट १५० मीटरवरून पॅराशूटने सेकंदाला ५ मीटर वेगाने उतरतंय. त्याला ३० सेकंद लागतील. दुपारी समुद्राकडून येणारा वारा सेकंदाला ४ मीटर वेगाचा असेल, तर तेवढ्यात ते १२० मीटर वाहत जाईल. ते गच्चीवर, रस्त्यावर किंवा रेल्वेच्या तारेवरही पडू शकतं. तारेत अडकलेलं रॉकेट काढायला जाणं जिवावर बेतू शकतं. म्हणून दाट वस्तीत इंजिनाचं रॉकेट नकोच.

मग इथे काय उडवता येईल?

पाण्याचं रॉकेट. त्यालाही लाँचर लागतोच. जड पाया, बाटलीच्या तोंडात घट्ट बसणारा पाइप, बाटली धरून ठेवणारी कडी, ती ओढायला किमान ५ मीटर लांब दोरी आणि दाब दाखवणारा सायकलचा पंप. बाटली सोडा किंवा कोलाची घ्यावी. साध्या पाण्याची पातळ बाटली फुटू शकते. एक तृतीयांश पाणी भरून दाब ६० पीएसआयच्या आत ठेवावा आणि डोळ्यांवर चष्मा लावावा. लांबूनच हवा सोडता येईल अशी झडप मात्र विसरू नये. कडी अडकली, तर दाब भरलेल्या बाटलीजवळ जाणं हा सगळ्यात मोठा धोका असतो. इथेही मोकळं मैदान आणि सकाळची शांत हवा हवीच.

कायदा काय म्हणतो?

बारूद किंवा तसं मिश्रण परवान्याशिवाय बनवणं हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे. परवान्यांचं काम पाहणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. घरी इंजिन बनवण्याचे व्हिडिओ कितीही सोपे दिसले, तरी ते करू नये. मुंबई पोलीसही ड्रोन, पॅराग्लायडरसारख्या उडत्या वस्तूंवर वेळोवेळी मनाईचे आदेश काढतात. त्यामुळे मैदानाच्या मालकाची परवानगी आणि पोलीस ठाण्यात आधी चौकशी, दोन्ही हवंच.

थोडक्यात, आधी मैदान मोजायचं, मग वारा पाहायचा आणि त्यात बसेल तेवढंच रॉकेट ठरवायचं. लाँचरची खरेदी सगळ्यात शेवटी.