ओव्हरॉइल

राजूर घाटात माझं डावं मनगट मोडलं तेव्हा मी नववीत होतो. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना डांबरी रस्ता सोडायचा आणि गुरांच्या वाटेनं खाली सुटायचं, अशी आम्हा पोरांत पैज लागायची. माझी सायकल दिसायला एकदम दणकट. सरळ हँडल, जाड टायर, पुढे स्प्रिंगा. तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तर लिव्हर सरळ हँडलला टेकली. समोर धोंडा दिसला, एवढंच पुढचं आठवतं.

आता माझ्या अकरावीतल्या मामेभावाला त्याच वाटेसाठी हार्डटेल हवी आहे. हार्डटेल म्हणजे पुढच्या चिमट्याला सस्पेन्शन आणि मागे काही नाही. बजेट 25 हजार. "तू इंजिनिअर ना, मग तूच बघून सांग," असं म्हणून मामा मोकळे झाले. मी स्पेसिफिकेशनचे तक्ते उघडले आणि वाचता वाचता थेट 1976 सालच्या कॅलिफोर्नियात पोचलो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत काही टवाळ पोरं भंगारातल्या जुन्या श्विन सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुटायची. 1930-40 च्या काळातल्या या सायकली, वजन जवळपास 20 किलो. बहुतेकांना ब्रेक एकच, तोही मागच्या हबच्या आत. पॅडल उलटं दाबलं की लागणारा. 21 ऑक्टोबर 1976 ला चार्ली केली आणि मित्रांनी एका उतारावर घड्याळ लावून शर्यत घेतली. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आत, उतार सुमारे 400 मीटर. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब खोलून नवं ग्रीस भरायचं. म्हणून शर्यतीचं नाव पडलं 'रिपॅक'. आपल्याकडच्या सायकल दुकानाच्या भाषेत सांगायचं तर 'ओव्हरॉइल शर्यत'.

मी गणित करून पाहिलं. माणूस आणि सायकल मिळून 90 किलो धरले, तर 400 मीटर उतरताना साडेतीन लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. लिटरभर पाणी उकळायला यापेक्षा कमी लागते. काही भाग वाऱ्यात आणि टायरमध्ये जातो, पण उरलेली सगळी त्या मुठीएवढ्या हबमध्ये.

म्हणून त्या पोरांनी सगळ्यात आधी ब्रेक बदलले. मग फ्रेम मोडू लागल्या, तेव्हा त्यांच्यातल्याच जो ब्रीझनं 1977 मध्ये खास या कामासाठी क्रोमोली स्टीलची फ्रेम बनवली. 1979 मध्ये गॅरी फिशर आणि केली यांनी टॉम रिचीनं बनवलेल्या फ्रेमच्या सायकली विकायला कंपनी काढली. 1981 मध्ये स्पेशलाइज्डची जपानमध्ये बनवून घेतलेली स्टम्पजम्पर आली आणि माउंटन बाइक दुकानात पोचली. पुढच्या चिमट्याचं सस्पेन्शन? रॉकशॉक्सचा पहिला चिमटा 1989 च्या सुमारास आला. म्हणजे रिपॅकनंतर तब्बल तेरा वर्षांनी.

माझं मनगट याच क्रमात अडकलं होतं. आधी ब्रेक, मग फ्रेम आणि चाकं, शेवटी सस्पेन्शन, असा तो इतिहास. स्वस्त सायकलचा बाजार मात्र हा क्रम उलटा लावतो, कारण सस्पेन्शन दुकानात लांबूनही दिसतं आणि ब्रेक फक्त घाटात कळतो.

आपल्याकडे तर हे आणखी ठळक. टीआय सायकल्स 1949 ची, ॲटलस 1951 ची, हिरो सायकल्स 1956 ची. त्यांच्या काळ्या सायकलींनी दुधाच्या कॅन आणि धान्याची पोती वाहिली. पुढे जाड टायरची फॅशन आली आणि आमच्या गावात तसल्या प्रत्येक सायकलला, कंपनी कुठलीही असो, 'रेंजर' म्हणायची पद्धत पडली. डोंगराचं रूप आलं, डोंगराचं काम मागे राहिलं.

गंमत म्हणजे आजोबांच्या काळ्या सायकलचा हेड अँगल मी मोबाइलवर मोजला, तर 67 अंश भरला. म्हणजे चिमटा चांगलाच पुढे पसरलेला. मरीनच्या त्या भंगार सायकलीही अशाच पसरट होत्या. नव्वदच्या दशकात चपळाईपायी हा कोन 71 पर्यंत उभा झाला, आणि आज तीव्र उतारासाठीच्या हार्डटेल परत 65 ते 67 वर आल्या आहेत. पसरट चिमट्यानं पुढचं चाक लांब पडतं, उतारावर माणूस हँडलवरून फेकला जाण्याची भीती कमी होते.

तेव्हा मामेभावाची यादी अशी झाली. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेतच. मागचं हब कॅसेटचं हवं. फ्रीव्हीलच्या हबमध्ये साखळीकडचं बेअरिंग आत राहतं, एक्सलचा शेवट आधाराविना लोंबतो आणि दोन-चार उड्यांत वाकतो. शिमानोनं यावरचा उपाय 1978 मध्येच आणला होता, तरी स्वस्त सायकलींना अजून फ्रीव्हीलच. फ्रेमचा हेड ट्यूब निमुळता, म्हणजे पुढे चांगला चिमटा बसवता येईल. टायर आणि फ्रेममध्ये बोटभर जागा, नाहीतर पावसाळ्यात पूर्णाकाठची काळी माती चाकच धरून ठेवते. गिअर किती, रंग कोणता, हे शेवटी. (ज्ञानगंगा अभयारण्यात जायचा त्याचा बेत मी तिथेच मोडला. 2019 मध्ये टिपेश्वरकडून 1300 किलोमीटरहून जास्त चालून तिथे पोचलेल्या वाघाची आठवण करून दिली.)

25 हजारांत हे सगळं एका सायकलमध्ये मिळालं नाही. शेवटी कॅसेट हब आणि निमुळत्या हेड ट्यूबची, पण केबलवर चालणाऱ्या डिस्कची सायकल घेतली आणि ब्रेक वेगळे बसवले. वरचे साडेतीन हजार माझे. चिमटा साधाच आहे, आणि त्यावर 'उड्यांसाठी नाही' असं बारीक अक्षरात छापलेलं आहे. ते मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. उड्या बंद, चिमटा वर्षभरानं बदलू. रंग मळकट हिरवा मिळाला, त्यावरून तो दोन दिवस फुगून बसला होता.

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही घाटात उतरलो. तिसऱ्या वळणावर तो थांबला. मी मागून धापा टाकत पोचलो आणि बाटलीतलं थोडं पाणी त्याच्या मागच्या डिस्कवर ओतलं. चर्र झालं आणि वाफ निघाली.

"दादा, खराब होईल ना!" तो ओरडला.

लिव्हर दाबून पाहिली. हँडलपासून दोन बोटं लांबच थांबली.