पंचनाम्यातील घर

घराच्या विम्याचे दावे कशापोटी होतात? आग, वीज, वादळ, पूर. गोंदिया जिल्ह्यात, म्हणजे १९९९ पर्यंतच्या भंडारा जिल्ह्याच्या या भागात, वैनगंगेचा विचार आधी करावा लागतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून पाणी सोडले गेले आणि काठची गावे पाण्यात गेली. पूर ओसरला तरी मातीची भिंत आतून ओलीच राहते; कधी ती नंतर, कोरड्या दिवशीही, कोसळते. मग कारण काय लिहायचे: पूर की जीर्णता? विमा पहिल्याची भरपाई देतो, दुसऱ्याची नाही. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीतही झीज वगळलेलीच आहे. विमाच नसलेल्या घराचा इतिहास मात्र तलाठ्याच्या पंचनाम्यात शोधावा लागतो. तिथे ‘अंशतः’ आणि ‘पूर्णतः’ या शब्दांवर सरकारी मदतीची रक्कम ठरते.