ठेवीदाराचे प्रश्न : एक प्रस्तावना

अर्थशास्त्राची सुरुवात कुठून करावी, असं विचारणाऱ्याला मी पेणकडे बोट दाखवतो. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि घरोघरी एकच प्रश्न उभा राहिला : आमचे पैसे मिळणार का? त्याचं नीट उत्तर द्यायचं तर बँक ठेवींचं करते काय, कर्ज कुणाला देते, देखरेख कुणाची, बुडीत कुणाच्या माथी, हे सगळं उलगडावं लागतं. निम्मं अर्थशास्त्र त्यातच आलं.

तेव्हा ठेव विम्याची मर्यादा १ लाख होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. ठेव विमा कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूदही आली. पण हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखा एकत्र धरून. अलिबागच्या शाखेत ४ लाख, त्याच बँकेच्या रोह्याच्या शाखेत ३ लाख, दोन्ही एकाच्याच नावावर. तरी संरक्षण ५ लाखांनाच. पतसंस्थेच्या ठेवीला तर हा विमा मुळीच नाही. तिची पावती मात्र दिसायला बँकेच्या पावतीसारखीच, म्हणून माणसं फसतात. शाळेत हे कुणी शिकवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोळीवाड्यातला प्रश्न वेगळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. खर्च बारा महिन्यांचा, कमाई दहा महिन्यांची. मग दलालाकडून उचल घ्यायची आणि हंगामात म्हावरं त्याच्याच भावाने त्यालाच घालायचं. यात व्याज कुठे लिहिलेलं नसतं. ते भावात कापलं जातं. हे ज्याला दिसलं त्याला पतपुरवठा म्हणजे काय ते कळलं.

असे प्रश्न या मातीत नवे नाहीत. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ संप केला; पिकातला वाटा कुणाचा किती, हा त्यांचा मोठा सवाल होता. त्यांची बाजू घेणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या रुपयावरच्या ग्रंथात रुपयाची बाजारातली खरेदीशक्ती स्थिर हवी, हे ठासून मांडलं होतं. ती का हवी, ते हिशोबाने कळतं : महागाई ६ टक्के राहिली तर आजच्या लाखाला बारा वर्षांनी निम्माच माल येतो. आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख जन्मले तेही याच मातीत, महाडजवळच्या नाते गावी.

तेव्हा वाचकहो, आधी घरातल्या पावत्या काढा. बँकेची कोणती, पतसंस्थेची कोणती, नॉमिनीचं नाव लागलंय का, एवढं पाहा आणि मग पुढच्या प्रकरणाकडे वळा.