पिकले पान आणि सार्वजनिक तिजोरी

माणसाचे आयुष्य वाढावे म्हणून सरकारने इस्पितळे काढावीत, आणि आयुष्य वाढले म्हणूनच ती चालविणे जड व्हावे, हा आमच्या काळाचा एक विलक्षण पेच आहे. वृद्धांची संख्या वाढत गेल्यास सार्वजनिक खर्चाने चालणारी वैद्यकीय व्यवस्था टिकेल काय, असा प्रश्न आज अनेक देशांत विचारला जातो. नुसता तर्क लढविण्यापेक्षा, ही परीक्षा ज्याला सर्वांत कठीण गेली त्या जपानचा इतिहास पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

जपानच्या ईशान्येस, इवाते प्रांतात, सावाउची नावाचे एक डोंगराळ व गरीब खेडे होते. हिवाळ्यात बर्फाने वाटा बुजून जात आणि रोगी वैद्यापर्यंत पोचत नसे. १९५०नंतरच्या दशकात तेथे जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी ७०च्या आसपास मुले वर्षाच्या आत दगावत. १९५७ मध्ये मासाओ फुकाझावा हे गावाचे प्रमुख झाले. त्यांनी बर्फ हटविणारी यंत्रे आणून रस्ते खुले केले, आरोग्यसेविका घरोघर धाडल्या, आणि १९६०च्या डिसेंबरात ६५ वर्षांवरील वृद्धांचे औषधपाणी विनामूल्य केले. तेव्हाच्या विम्यात निम्मा खर्च रोग्याला सोसावा लागे. तो निम्मा गावाने उचलला. हे विम्याच्या कायद्यात बसत नाही, असे वरिष्ठांनी बजावले, तेव्हा फुकाझावांनी संविधानाचा आधार घेतला. १९४७ साली अमलात आलेल्या त्या संविधानाच्या २५व्या कलमाने प्रत्येक नागरिकास किमान निरोगी व सुसंस्कृत जीवनाचा हक्क दिलेला आहे. १९६२ साली त्या गावात एकही तान्हे मूल दगावले नाही.

१९६१ पर्यंत सारा जपान आरोग्यविम्याच्या छत्राखाली आला होता. १९६९ मध्ये राज्यपाल मिनोबे यांच्या कारकिर्दीत टोकियोने वृद्धांचे उपचार विनामूल्य केले, आणि १९७३च्या जानेवारीत ७० वर्षांवरील वृद्धांसाठी हीच सवलत देशभर लागू झाली. त्याच वर्षी खनिज तेलाचे भाव भडकले आणि तिजोरीला ओढ लागली. परंतु खरे दुखणे निराळेच होते. खेड्याचा धडा देशाने अर्धाच गिरविला होता. उपचार फुकट झाले. घरी जाऊन वृद्धांची विचारपूस करणारी व्यवस्था मात्र तेवढ्या प्रमाणात उभी राहिली नाही. घरी शुश्रूषेला कोणी नाही, म्हणून आजार उतरलेली माणसेही महिनोन्‌महिने इस्पितळातच पडून राहू लागली. खाट रोग्यासाठी होती. ती एकाकी म्हातारपणाचा निवारा झाली. वृद्धांवरील वैद्यकीय खर्च कित्येक पटींनी वाढला.

मग दुरुस्तीला आरंभ झाला. १९८३ मध्ये वृद्धांवर अल्प आकार बसविण्यात आला: बाहेरून उपचार घेणाऱ्यास महिन्याला ४०० येन, दाखल झालेल्यास दिवसाला ३०० येन. त्याचबरोबर चाळिशीपासूनच आरोग्यतपासणीची सोय झाली आणि वृद्धांचा भार सर्व विमासंस्थांत वाटला गेला. २००० साली शुश्रूषेचा स्वतंत्र विमा सुरू झाला. ४० वर्षांवरील प्रत्येकाने वर्गणी द्यावी, निम्मा वाटा करांतून यावा, आणि वृद्धाला स्नान घालण्यापासून घरकामापर्यंतची मदत घरी मिळावी, अशी ती योजना. २००८ पासून ७५ वर्षांवरील लोकांसाठी वेगळी व्यवस्था आली. तिचा सुमारे निम्मा भार सरकारवर, चार दशांश तरुण पिढीच्या विम्यावर आणि एक दशांश वृद्धांच्या वर्गणीवर ठेवण्यात आला.

१९७० साली जपानात शंभरांत ७ माणसे ६५ वर्षांवरील होती. आज ती सुमारे २९ आहेत. १९६३ मध्ये शंभरी गाठलेले १५३ जण होते. २०२४ मध्ये ते ९५,०००हून अधिक झाले. इतके होऊनही व्यवस्था मोडली नाही. मात्र ती फुकटही राहिली नाही. २०२२च्या ऑक्टोबरपासून ७५ वर्षांवरील काही वृद्धांचा वाटा एक दशांशावरून दोन दशांश झाला. जन्म घटत आहेत, शुश्रूषेला माणसे अपुरी पडत आहेत आणि कमावत्या पिढीच्या खांद्यावरील ओझे वाढते आहे. म्हणून जपानने कोडे सोडविले असे म्हणता येणार नाही. त्याने ते उघडपणे मांडले, आणि हिशेब चुकेल तेथे नवा केला.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. २०११च्या जनगणनेत गोव्यातील शंभरांपैकी ११ माणसे साठी ओलांडलेली होती. या बाबतीत केरळखालोखाल गोव्याचाच क्रमांक होता. २०२४च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेखाली आणले. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची ही हमी स्वागतार्हच आहे. परंतु ती मुख्यतः इस्पितळात दाखल होणाऱ्यासाठी आहे. मुले दूरदेशी गेलेल्या घरात आजीला रोजची गोळी कोण देईल, पडवीत घसरून पडलेल्या आजोबांना कोण उठवील, याची तरतूद तीत नाही.

आणि इतिहास नेमके हेच बजावतो. सार्वजनिक वैद्यकाला पिकले पान जड होत नाही. घरी करावयाच्या सेवेची जबाबदारी कोणीच न घेता ती इस्पितळाच्या खाटेवर लोटली, की ते जड होते. सावाउचीच्या प्रमुखाने आधी रस्ता मोकळा केला, सेविका दारी पाठविली आणि मग औषध फुकट केले. हा क्रम आपण उलटा न करावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.