शाळा मध्येच सोडणाऱ्याचे वाचन : मायकेल वेस्ट, ढाका आणि मोजलेले शब्द

गौरी विश्वनाथन यांचा ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ हा ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून हिंदुस्थानातील इंग्रजीच्या अध्यापनाचा इतिहास बहुधा साहित्याच्या अभ्यासक्रमाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. मेकॉलेचे १८३५ चे टिपण, १८५४ चा वुडचा खलिता, १८५७ ची विद्यापीठे आणि त्यांनी नेमलेले शेक्सपिअर-मिल्टन हे त्या इतिहासाचे ठरलेले टप्पे होत. परंतु इंग्रजी शिकू लागलेल्यांपैकी फार थोडे विद्यार्थी मिल्टनपर्यंत पोहोचले. उरलेल्यांच्या वाट्याला आले ते व्याकरण, शब्दार्थ आणि वाचनमाला. साहित्यविचाराने या साधनांकडे शिक्षकी व्यवहाराचा भाग म्हणून पाहिले आणि ती बी.टी.च्या अभ्यासक्रमाकडे सोपवून दिली. वस्तुतः वाचन म्हणजे काय, शब्द आणि अर्थ यांचा संबंध कोणता, संहितेला बाधा न आणता ती दुसऱ्या शब्दांत सांगता येते काय, या प्रश्नांची उत्तरे ही साधने गृहीत धरूनच चालत आली आहेत. ही गृहीते उघडपणे मांडली आणि तपासली गेली असा एक प्रसंग म्हणजे ढाका येथे १९२० नंतरच्या काही वर्षांत मायकेल वेस्ट यांनी केलेले प्रयोग.

त्याआधीच्या पद्धतीचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरण १७९५ मध्ये यॉर्क येथे प्रसिद्ध झाले आणि त्याचा साचा पुढे हिंदुस्थानात दूरवर पोहोचला. दादोबा पांडुरंगांच्या ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ (१८३६) या ग्रंथाची मांडणीही त्याच वळणाची आहे. मराठी मुलगा आपल्या भाषेतील शब्दांच्या जाती शिकतो तेव्हा त्यातही यॉर्कचा थोडा अंश असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शतकाच्या अखेरीस नेसफील्ड यांची व्याकरणे आली. हे गृहस्थ वायव्य प्रांत व अयोध्या येथील शिक्षणखात्याचे संचालक होते. पदपरिस्फोट, वाक्यपृथक्करण, भाषांतर आणि पाठांतर हा मॅट्रिकच्या इंग्रजीचा कणा होता. वाचन हे या साऱ्याचे फळ मानले जाई. आधी नियम, मग शब्दांचे अर्थ, आणि या दोन्हींतून पार पडल्यावर कधीतरी पुस्तक, असा तो क्रम होता.

या क्रमावर पहिला गंभीर आक्षेप शिक्षणशास्त्रज्ञाने नव्हे, तर एका कवीने घेतला. रवींद्रनाथांच्या ‘शिक्षार हेरफेर’ (१८९२) या निबंधात घोड्याच्या उमदेपणाविषयीच्या एका साध्या इंग्रजी वाक्याचे उदाहरण आहे. त्याचा बंगाली तर्जुमा करू जाता बंगालीही बिघडते आणि इंग्रजीही गढूळ होते, असे ते दाखवितात. त्यांचे खरे दुःख याहून खोल आहे. ज्या वयात मुलाने आनंदासाठी वाचायचे त्या वयात त्याच्या हाती व्याकरण आणि शब्दकोश पडतो. भाषा येईपर्यंत वाचण्याची भूक मेलेली असते, आणि भाव व भाषा यांची आयुष्यात पुढे कधी गाठ पडत नाही. ‘इंरेजी सोपान’ आणि ‘इंरेजी श्रुतिशिक्षा’ ही इंग्रजीची क्रमिक पुस्तके पुढे रवींद्रनाथांनी स्वतः लिहिली, हे येथे नमूद केले पाहिजे. आक्षेप घेऊन ते थांबले नाहीत.

मुंबई इलाख्यात याच सुमारास दुसरा उपाय पुढे येत होता. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे तेव्हा इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमध्ये होते. पुढे ‘बो जेस्ट’ (१९२४) या कादंबरीने ते प्रसिद्धीस आले. मातृभाषा वर्गाबाहेर ठेवून इंग्रजी इंग्रजीतूनच, तोंडी, शिकवावी या ‘डायरेक्ट’ पद्धतीचा पुरस्कार त्यांनी केला. गंमत अशी की, रेन यांचे नाव आज भारतीय विद्यार्थ्याला ठाऊक आहे ते या पद्धतीमुळे नव्हे. ते ठाऊक आहे मार्टिन यांच्यासह त्यांच्या नावावर असलेल्या, नियमांनी आणि स्वाध्यायांनी गच्च भरलेल्या हायस्कूल व्याकरणामुळे. डायरेक्ट पद्धतीची अडचण उघड होती. ज्या शिक्षकाला स्वतःलाच अस्खलित इंग्रजी बोलता येत नाही, त्याने चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गाला संभाषण शिकवावे कसे?

वेस्ट यांचा विचार सुरू होतो तो याच ठिकाणी. ऑक्सफर्डमध्ये शिकून ते पहिल्या महायुद्धापूर्वी बंगालमध्ये आले आणि पुढे ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ‘बायलिंग्वलिझम’ हा त्यांचा अहवाल १९२६ मध्ये कलकत्त्याहून सरकारी प्रकाशन म्हणून बाहेर पडला. त्यातील एक कल्पना विम्याच्या व्यवहारातून घेतली आहे. हप्ते भरणे मध्येच थांबविणाऱ्याला पॉलिसीची जी रक्कम परत मिळते, तिला ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात. वेस्ट यांनी हा प्रश्न शालेय विषयांना विचारला. बहुसंख्य मुले शिक्षण पुरे करीत नाहीत. मग तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी शाळा सोडणारा मुलगा घरी काय नेतो? व्याकरणाचे मूल्य सर्व पायऱ्या चढून गेल्यावरच हाती येते. अर्धवट व्याकरण म्हणजे अर्धा पूल. अर्धवट बोलणे खेड्यात, जेथे इंग्रजी बोलणारा कोणी नाही तेथे, निरुपयोगी. वाचनाचे तसे नाही. पाचशे शब्दांत लिहिलेले पुस्तक ज्याला वाचता येते, त्याच्यापाशी पाचशे शब्दांपुरती का होईना, पूर्ण झालेली एक क्षमता असते. म्हणून वाचन आधी, बोलणे नंतर.

हा युक्तिवाद अध्यापनपद्धतीविषयीचा दिसतो. पण त्यातून निष्पन्न झालेली कृती संहितेवरची होती. वेस्ट यांनी प्रचलित वाचनमाला तपासल्या तेव्हा त्यांना दोन दोष आढळले. एक, ‘प्लाइट’, ‘आइल’ यांसारखे पुस्तकी आणि जुने झालेले शब्द मुलांना वापरातल्या शब्दांच्या आधी भेटत होते. दोन, नवे शब्द इतके दाटीने येत की प्रत्येक ओळ कोडे बनून जाई. त्यांनी जुन्या शब्दांच्या जागी चालू शब्द घातले आणि साधारणतः पन्नास शब्दांच्या वाचनामागे एक नवा शब्द असे प्रमाण राखून पाठ नव्याने लिहिले. ‘न्यू मेथड’ वाचनमालेचा पाया हा असा घातला गेला. त्यातील गोष्टी वाचल्या जात, शिकविल्या जात नसत. हा भेद महत्त्वाचा आहे. ज्याचा पदपरिस्फोट करायचा नाही असा मजकूर परक्या भाषेत मुलांसमोर ठेवणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

याच वर्षांत केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स आपल्या विद्यार्थ्यांना कवीचे नाव काढून टाकलेल्या कविता वाचायला देत होते. त्यांच्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) या ग्रंथाने असे दाखवून दिले की, इंग्लंडमधील उत्तम शिक्षण घेतलेल्या तरुणांनाही कवितेचा सरळ वाच्यार्थ अनेकदा लागत नाही. ढाक्यातील मुलगा आणि केंब्रिजचा पदवीचा विद्यार्थी यांच्यापुढे एकाच दशकात एकच परीक्षा ठेवली गेली होती. अनोळखी उतारा, आणि तो समजला काय हा प्रश्न. निदान मात्र परस्परविरुद्ध होते. रिचर्ड्स यांच्या मते अर्थाचे चार पदर असतात : वाच्यार्थ, भावना, स्वर आणि हेतू. वाचक चुकतो तो हे पदर नीट न उलगडल्याने. वेस्ट यांच्या मते वाचक अडतो तो शब्दांच्या दाटीमुळे. एकाने वाचकाला दुरुस्त करायचे ठरविले, दुसऱ्याने संहितेला.

ही विभागणी इतकी स्वच्छ राहिली नाही, हे त्या काळाचे वैशिष्ट्य. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ची ८५० शब्दांची यादी पुढे आणली. रिचर्ड्स तिचे सर्वांत आग्रही प्रचारक ठरले आणि त्यासाठी त्यांनी चीनमध्ये वर्षे घालविली. त्या यादीत क्रियापदे अवघी अठरा. ‘एन्टर’ नाही, म्हणून ‘गो इन’ म्हणायचे. वेस्ट यांनी सहकाऱ्यांसह १९३४ मध्ये बेसिकची कठोर चिकित्सा केली. शब्दांची संख्या घटविली म्हणून शिकणाऱ्याचा भार घटत नाही, कारण ‘गो’सारख्या एका शब्दाच्या पोटात वाक्प्रचारांचा आणि अर्थच्छटांचा मोठा समूह दडलेला असतो, असा तिचा रोख होता. शब्द मोजणे सोपे, अर्थ मोजणे कठीण. हा मुद्दा काव्यसमीक्षकाने शाळामास्तराला सांगावा अशी अपेक्षा असते. येथे शाळामास्तराने तो काव्यसमीक्षकाला सांगितला.

आणि तो केवळ सांगून न थांबता वेस्ट अर्थ मोजू लागले. १९३५ च्या ‘न्यू मेथड’ शब्दकोशात सुमारे चोवीस हजार नोंदींचे स्पष्टीकरण १४९० शब्दांच्या मर्यादेत केलेले आहे. ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ (१९५३) या त्यांच्या प्रसिद्ध यादीत सुमारे दोन हजार शब्द आहेत, परंतु तिचे मोल या आकड्यात नाही. प्रत्येक शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांपैकी कोणता अर्थ किती टक्के वेळा आढळतो, याचे प्रमाण तेथे नोंदविलेले आहे. शब्द हे अर्थांचे गाठोडे आहे, आणि त्यातील काही अर्थ रोजच्या वापराचे, काही क्वचित बाहेर काढायचे. नवख्या वाचकाला क्वचितचे अर्थ देऊ नयेत, हा त्यातील व्यावहारिक निष्कर्ष.

रिचर्ड्स यांचे शिष्य विल्यम एम्पसन यांचा ‘सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्युइटी’ हा ग्रंथ १९३० चा. त्याच गाठोड्याकडे तेथे उलट बाजूने पाहिले आहे. एम्पसन यांच्या दृष्टीने कविता घडते ती एका अर्थाने दुसऱ्याला हुसकून न लावल्यामुळे. पुढे क्लिअन्थ ब्रुक्स यांनी १९४७ मध्ये कवितेचा अन्वयार्थ गद्यात उतरविणे हेच पाखंड ठरविले. वेस्ट यांची सारी वाचनमाला तर अशा उतरविण्यावरच उभी होती. ‘आइल’ऐवजी ‘आयलंड’ घातले तरी गोष्ट तीच राहते, हे तिचे गृहीत. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर आशय आणि अभिव्यक्ती यांचे द्वैत. नवसमीक्षेच्या प्रभावाखाली वाढलेल्या आपल्याकडील समीक्षेला हे द्वैत भाबडे वाटेल, आणि कवितेपुरते ते भाबडे आहेही. तथापि एक गोष्ट नजरेआड होऊ नये. एम्पसन आणि ब्रुक्स यांचा वाचक शेवटपर्यंत वर्गात बसणारा आहे. जो मध्येच उठून जातो त्याच्याविषयी त्यांच्या सिद्धांतात एक शब्दही नाही. वाचनाची ‘सरेंडर व्हॅल्यू’ हा प्रश्न विसाव्या शतकातील समीक्षेने स्वतःला विचारलाच नाही.

वेस्ट यांच्या विचारातील खरा दोष द्वैताचा नव्हे. तो त्यांनी भाषांमध्ये केलेल्या कामाच्या वाटणीत आहे. बंगाली ही भावनेची आणि अभिव्यक्तीची भाषा, इंग्रजी ही माहितीची. बंगालीत शास्त्रीय व माहितीपर वाङ्मय पुरेसे नाही, म्हणून बंगाली मुलाला इंग्रजी वाचता आली पाहिजे, असे हे प्रतिपादन आहे. वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून त्यात तथ्य होते. परंतु ते वर्णन शिक्षणाचा पाया झाले की स्थिती कायम होते. माहिती इंग्रजीतूनच मिळणार असेल तर ती बंगालीत लिहिण्याची निकड कोणाला भासावी? रवींद्रनाथांना भाव आणि भाषा यांची ताटातूट अपघात वाटत होती, आणि ती संपवायची होती. वेस्ट यांच्या योजनेत तिला वेळापत्रकात जागा मिळाली. यात दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. हिंदुस्थानातील शिक्षकाची आणि दाटीच्या वर्गाची इतकी सहृदय जाण दाखविणारा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ विरळाच. त्यांचे १९६० मधील पुस्तक तर बाकांवर दाटीने बसलेल्या मुलांविषयी आणि स्वतःच अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या शिक्षकाविषयीच आहे. पण सहृदयतेने ती वाटणी बदलत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न वेगळ्या वाटेने भिडला. मुंबई राज्याने १९४८ मध्ये पाचवी ते सातवीचे इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवले. अकरावीच्या शालान्त परीक्षेपर्यंत हाती उरली चार वर्षे. सात वर्षांसाठी आखलेल्या व्याकरण-भाषांतराच्या इमारतीला ही जागा पुरणारी नव्हती. चार वर्षांत मुलाच्या पदरात काय पडावे, हा हिशेब आता टाळता येत नव्हता. हाच हिशेब वेस्ट यांनी बंगालमध्ये मांडला होता. मद्रासने १९५२ मध्ये वाक्यरचनांच्या क्रमाने इंग्रजी शिकविणारा अभ्यासक्रम स्वीकारला आणि पुढे ती पद्धती देशभर पसरली. शब्दांच्या यादीची जागा वाक्यांच्या साच्यांनी घेतली. वाचन पुन्हा एकदा फळाच्या जागी जाऊन बसले. नियमांऐवजी साचे आले, एवढाच फरक. मुलाचे लक्ष अर्थाकडे असतानाच व्याकरण रुजते, हे प्रतिपादन घेऊन एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतील शाळांत प्रयोग आरंभिला तो १९७९ मध्ये. त्यांचे साधन गोष्टींची पुस्तके नव्हते, सोडवायच्या समस्या होत्या. परंतु नियमाआधी आकलन हा ढाक्याचा क्रम त्यांच्याकडे नव्या रूपाने परत आला.

उच्च माध्यमिक वर्गांत आजही एक सांधा उघडा दिसतो. दहावीपर्यंत मोजून दिलेल्या शब्दांत वाढलेला विद्यार्थी अकरावीत ‘युवकभारती’ उघडतो आणि त्याला एकदम मूळ कविता भेटते. वेस्ट यांनी गाळलेले ‘प्लाइट’ आणि ‘आइल’ तेथे त्याची वाट पाहत असतात. पाठासोबत कठीण शब्दांचे अर्थ दिलेले असतात. शब्दापुढे एक अर्थ, क्वचित दोन. कवितेतील तो शब्द या अर्थाने संपतो काय, हा प्रश्न त्या टिपेच्या कक्षेत येत नाही. पुढच्या पानावरील स्वाध्यायात त्याच कवितेचे रसग्रहण मागितलेले असते.