यरुशलेमची ख्रिस्ती तीर्थयात्रा

येशू ख्रिस्ताचे दुःखसहन, मरण व पुनरुत्थान यांच्याशी निगडित यरुशलेममधील स्थळांना भेट देण्याची परंपरा. ही यात्रा कोणावरही बंधनकारक नाही. ती केली नाही म्हणून कोणाचे तारण अडत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तर (अध्याय ४) पित्याची उपासना ना या डोंगरावर, ना यरुशलेमात होईल, असे येशू शोमरोनी स्त्रीला सांगतो. तरीही सुमारे सतराशे वर्षे भाविकांची रीघ सुरूच आहे.

सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना ३२६ च्या सुमारास येथे आली. गुलगुथा ही वधस्तंभाची जागा आणि येशूची कबर यांवर उभारलेल्या पवित्र कबरेच्या चर्चची प्रतिष्ठापना ३३५ साली झाली. चौथ्या शतकाच्या अखेरीस आलेल्या एजेरिया या स्त्रीचे लॅटिन प्रवासवर्णन अपुरेच हाती लागले असले, तरी फार बोलके आहे. उत्तम शुक्रवारी वधस्तंभाचे लाकूड मेजावर ठेवत. बिशप ते दोन्ही हातांनी धरून बसत. लोक आधी कपाळ, मग डोळे टेकवून त्याचे चुंबन घेत. हात लावायला मात्र मनाई. भोवती डीकनांचा पहारा असे, कारण पूर्वी कोणीतरी चुंबनाच्या निमित्ताने लाकडाचा तुकडा दाताने तोडून नेला होता! जागा बदलल्याने देव जवळ येत नाही, असे निस्साचा बिशप ग्रेगरी याच सुमारास लिहीत होता. तो स्वतः यरुशलेमला जाऊन आला होता.

पवित्र कबरेचे चर्च १००९ मध्ये खलिफा अल-हाकिमच्या हुकमाने पाडले गेले. आजच्या वास्तूचे रूप बरेचसे क्रुसेडर काळातले (११४९). आत सहा पंथांचा वावर आहे. दरवाजाची किल्ली व तो उघडण्याचा मान दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. प्रवेशद्वारापाशीच एक तांबूस शिला आहे. येशूच्या देहाला सुगंधी द्रव्ये लावली ती याच जागी, अशी श्रद्धा. शिला १८१० ची आहे, पण त्याने कोणाचे काही अडत नाही. बायका गुडघे टेकून तिच्यावर तेल चोळतात, रुमालाने टिपतात, घरच्यांसाठी घेतलेल्या जपमाळा टेकवतात. ऑर्थोडॉक्स यात्रेकरू येथे स्पर्श करवलेले कफन स्वतःच्या दफनासाठी जपून ठेवतात.

येशू वधस्तंभ वाहत गेला ती क्रुसाची वाट. तिचेही तसेच. फ्रान्सिस्कन संन्यासी दर शुक्रवारी दुपारी या वाटेने मिरवणूक काढतात. पिलाताचा न्यायवाडा शहराच्या पश्चिमेला होता, म्हणजे खरी वाट वेगळीच असावी, असे अनेक संशोधक मानतात. या वाटेवर प्रार्थनेसाठी थांबण्याच्या चौदा स्थानांचा क्रमही मुख्यतः युरोपात घडला व नंतर यरुशलेमच्या गल्ल्यांना लागू झाला. भाविकाला मोजमापाचा पुरावा नको असतो. प्रभू ज्या गावात चालला तिथे पायाने चालावे, ही ओढ त्याला पुरते. बहुतेकांसाठी यात्रेचा अर्थ एवढाच, असे म्हणता येईल. प्रॉटेस्टंटांना अवशेषपूजा मुळातच अमान्य. त्यांपैकी अनेक जण दमास्कस दरवाजाबाहेरच्या बागेतील कबरेपाशी जाऊन शांतपणे बायबल वाचतात.

यरुशलेम गाठणे बहुतेकांना अशक्यच होते. म्हणून फ्रान्सिस्कनांनी ही चौदा स्थाने युरोपातील चर्चांच्या भिंतींवर आणली आणि पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ मध्ये त्यांची संख्या कायम केली. वसईतील कॅथलिक चर्चमध्येही उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रुसाची वाट मराठीतून केली जाते. आता तेथून धर्मगुरूंसोबत ‘होली लँड’च्या सहलीही निघतात.