अगंज पोलादातील प्रारणजन्य फुगवटा

अणुकेंद्रीय विक्रियकात वेगवान न्यूट्रॉनांचा मारा दीर्घकाळ सोसणाऱ्या अगंज पोलादात सूक्ष्म पोकळ्या निर्माण होऊन त्याचे घनफळ वाढते. या आविष्कारास प्रारणजन्य फुगवटा म्हणतात. बाहेरचा कोणताही भार नसतानाही तो घडून येतो.

न्यूट्रॉनांच्या आघाताने घन पदार्थातील अणू जागचे हलतील, हे यूजीन विग्नर यांनी १९४२ मध्ये शिकागो येथे ओळखले होते. मात्र त्यांची चिंता मुख्यतः ग्रॅफाइटाविषयी होती. प्रारणाने पोलाद कठीण व ठिसूळ होते, हे पुढील दशकात दिसून आले. तथापि वायूच्या बुडबुड्यांखेरीज ते फुगण्याचे अन्य कारण फारसे गृहीत धरले गेले नव्हते.

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील डूनरे येथील द्रुत विक्रियक १९५९ मध्ये सुरू झाला. त्यातील इंधनाच्या पोलादी आवरणाचे पातळ नमुने सी. कॉथॉर्न व ई. जे. फुल्टन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत असंख्य पोकळ्या आढळल्या. सर्वसाधारण पोकळीचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान होता. त्या भरून काढण्याइतका वायू पोलादात नव्हता. म्हणजे त्या बुडबुडे नसून खरोखरीच्या पोकळ्या होत्या. हा शोध १९६७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि द्रुत विक्रियकांच्या अभिकल्पकांना आपली गणिते पुन्हा मांडावी लागली.

न्यूट्रॉनाचा धक्का बसलेला अणू शेजारच्या अनेक अणूंना ढकलतो. जितके अणू जागा सोडतात तितक्याच जागा रिक्त होतात व बहुतेक जोड्या क्षणार्धात पुन्हा जुळतात. परंतु उरलेले भटके अणू स्फटिकातील दोषांकडे किंचित अधिक ओढले जातात आणि तेथे सामावतात. मागे राहिलेल्या रिक्त जागा एकत्र येऊन पोकळी बनते. निकेल व बोरॉन यांपासून न्यूट्रॉनांमुळे तयार होणारा अल्पसा हीलियम तिला आधार देतो. कमी तापमानात रिक्त जागा हलत नाहीत, फार उच्च तापमानात पोकळ्या टिकत नाहीत, सु. ४००° ते ६००° से. हा मधला टप्पा घातक असून दुर्दैवाने द्रुत विक्रियकाचा गाभा नेमका त्याच तापमानात चालतो.

आरंभी बराच काळ फुगवटा नगण्य असतो. नंतर मात्र प्रत्येक अणू सरासरी एकदा जागचा हलला की, घनफळ सु. १ टक्क्याने वाढते. इंधनाच्या आयुष्यात ही संख्या शंभरापर्यंत जाऊ शकते. शिवाय गाभ्याच्या मध्याकडील बाजूवर मारा अधिक असल्याने षट्कोनी नळ्या एका अंगाने जास्त फुगून वाकतात, एकमेकींत अडकतात आणि इंधन बदलणे अवघड होते.

पोलादावर थंड स्थितीत सु. २० टक्के विरूपण केल्यास व त्यात टिटॅनियम मिसळल्यास फुगवटा लांबतो. कल्पाक्कम येथे १९८५ मध्ये सुरू झालेल्या द्रुत चाचणी विक्रियकात ३१६ जातीचे थंड विरूपित पोलाद वापरले गेले. तेथीलच आदिरूप द्रुत प्रजनक विक्रियकासाठी टिटॅनियमयुक्त ‘डी-९’ निवडण्यात आले. निकेल जवळजवळ नसलेली फेराइटी पोलादे पुष्कळच कमी फुगतात. परंतु उच्च तापमानात त्यांचे बल घटते, त्यामुळे तप्त इंधनावरणासाठी ती सर्रास वापरता येत नाहीत.